दुसरी नळी

राजनंदिनी मूळची धारची. देवासला नारायणरावांच्या छोट्याशा सॉफ्टवेअर ऑफिसात तिला आठ वर्षं झाली होती. पंपांच्या कारखान्यात तपासणीसाठी चालणारा प्रोग्राम तिनेच लिहिलेला. त्यात एकच खोट होती. तिचा मुख्य प्रोग्राम तपासणीचा दुसरा प्रोग्राम सुरू करायचा. पुढे तो वीस मिनिटं काय करतोय, ते स्क्रीनवर दिसायचंच नाही. शेवटी सगळ्या ओळी भसकन एकदम यायच्या. कारागीर वैतागून मध्येच बटण बंद करायचे. "थांबा ना भिया, चालूच आहे," असं फोनवर सांगून तिचा घसा बसायचा.

मग सरदारपूरची गुंजन नोकरीला लागली. तेवीस वर्षांची, मराठी वाचताना अडखळणारी पोर. दुसऱ्याच महिन्यात म्हणाली, "ताई, तो प्रोग्राम ओळी साठवून ठेवतो ना, इसीलिये. प्रत्येक ओळ लगेच बाहेर ढकलायला सांगू, आणि आपण एकेक ओळ येईल तशी वाचू."

संध्याकाळपर्यंत दाबाचे आकडे स्क्रीनवर टपाटप उतरू लागले. नारायणरावांनी सगळ्यांना बोलावलं. "आठ वर्षांत कुणाला सुचलं नाही बघा!" ते भाबडेपणाने बोलले, पण राजनंदिनीच्या जिवाला ते वाक्य झोंबलं. त्या दिवसापासून गुंजनचं हसणंसुद्धा तिला सलू लागलं.

सोमवारी गुंजनचा कोड तपासायला राजनंदिनीकडेच आला. पाच मिनिटांत तिला चूक दिसली. तपासणीचा प्रोग्राम माहितीच्या दोन नळ्यांतून बोलायचा: एकीतून आकडे, दुसरीतून इशारे. गुंजन पहिलीच वाचत होती. इशारे फार आले, की न वाचलेली दुसरी नळी तुडुंब भरणार आणि प्रोग्राम जागच्या जागी अडून बसणार. ऑफिसात चाचणीसाठी ठेवलेल्या नव्या पंपावर इशारे जवळजवळ येतच नसत, म्हणून कुणाला कळलं नव्हतं.

राजनंदिनीने चूक न सांगता 'मंजूर'चं बटण दाबलं. कळू दे की तिलाही, असं मनात म्हणाली.

गुरुवारी कारखान्यात, मालकासमोर, जुना पंप लावला. सातव्या मिनिटाला आकडे थांबले ते थांबलेच. गुंजनचा चेहरा पांढराफटक पडला. ती बटणं दाबत राहिली, मालक घड्याळ बघू लागला. राजनंदिनीला वाटलं होतं, आता गार वाटेल. तसं काही झालं नाही. तिने लॅपटॉप ओढून घेतला आणि दहा मिनिटांत दुसरी नळीही वाचायला लावली. मालक खूश झाला. "शेवटी अनुभव तो अनुभव!" नारायणराव म्हणाले.

परतताना गाडीत गुंजन हळूच म्हणाली, "ताई, सोमवारी तुम्ही पूरा कोड बघितला होता ना?"

"बघितला होता."

"मग दिसलं नव्हतं?"

पुढच्या सीटवर नारायणराव होते. खोटं बोलणं सोपं होतं.

"दिसलं होतं," राजनंदिनी म्हणाली. "तुझं कौतुक झालं, ते मला सोसलं नाही."

दुसऱ्या दिवशी नारायणरावांनी कोड तपासायचं काम तिच्याकडून काढून गुंजनला दिलं.

आता राजनंदिनीच्या कोडमधली प्रत्येक चूक गुंजन नीट लिहून पाठवते, एकही सोडत नाही, आणि तिला 'मॅडम' म्हणते. राजनंदिनीचा जळफळाट गेलेला नाही. पण ती प्रत्येक शेरा शेवटपर्यंत वाचते, कारण शेरे बरोबर असतात.