खांबाची कुठली बाजू

आम्ही ज्या अणुवीज केंद्रात नोकरी केली, ते कधीतरी मोडीत काढायचं आहे. आज-उद्या नाही, पण कसं मोडायचं याचा आराखडा फार आधी करावा लागतो, आणि त्याला नकाशे पुरत नाहीत. काय बांधायचं ठरलं होतं ते नकाशा सांगतो. काय बांधलं गेलं ते आम्हा निवृत्तांना विचारावं लागतं. म्हणून केंद्रातली माणसं जुन्या लोकांच्या घरी जाऊन आठवणी नोंदवून घेऊ लागली. पहिल्यांदा गेली ती माझ्या मित्राकडे.

तो आणि मी किरणोत्सारी कचऱ्याच्या विभागात एकाच पाळीत होतो. त्याची वसईजवळ गिरीज गावात केळीची वाडी आहे, माझा वसईत फ्लॅट. त्याचा फोन आला.

"अरे, कॅमेरा घेऊन आले होते. केळीत खुर्च्या टाकल्या. कोट घातला मी."

"केळीत कोट?"

"रेकॉर्ड कायमचं राहणार आहे, बाबा. काय विचारलं ते मात्र सांगायचं नाही, अशी ताकीद आहे."

इतका मोठेपणा त्याच्या आवाजात मी निरोप समारंभातही ऐकला नव्हता. मला वाटलं, आता माझी पाळी. पिंपात कचरा दाबून सिमेंट कसं ओतायचो, कुठलं पिंप कुठल्या खंदकात जायचं, सगळ्याची उजळणी करून ठेवली. किरणोत्सारी द्रव्यांच्या अर्धायुष्यावरचं एक जाडजूड पुस्तकही पुन्हा काढलं. आठवडे गेले. दिवाणखान्यात मी मोठ्यानं बोलून बघत होतो, तेव्हा बायको म्हणाली, "भिंतीला काही शंका आहेत का?"

शेवटी एक तरुण अधिकारी आली. एकटीच. कॅमेरा नव्हता. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. तिचं लक्ष गेलं नाही.

"सर, एकच प्रश्न आहे. कामाचे कपडे धुवायच्या खोलीत जमिनीखाली जुनी सांडपाण्याची नळी आहे. नकाशात ती सरळ खांबातून जाते."

"खांबातून कशी जाईल? वळसा दिला होता. पुढे तुंबली, तेव्हा दोन्ही तोंडं सिमेंटनं बुजवून तिथंच ठेवली."

"कुठल्या बाजूनं वळसा?"

तेव्हा उमगलं. हे मित्रानं त्यांना आधीच सांगितलं होतं. एकाची आठवण आराखड्यात घेत नाहीत, तिथं हजर असलेल्या दुसऱ्याला वेगळं विचारतात. ही माझी मुलाखत नव्हती, त्याला पडताळलं जात होतं. 'आठवत नाही' म्हणालो असतो, तर त्याचा कोट फुकट गेला असता. ते शब्द जिभेवर आलेही होते, खोटं कशाला बोलू? पण उद्या कुणीतरी तिथं ड्रिल लावणार, आणि त्या नळीत आम्ही काय सोडलं होतं ते मला माहीत होतं.

"समुद्राच्या बाजूनं," मी म्हणालो. तिनं टिपून घेतलं, चहा अर्धा ठेवला आणि गेली.

संध्याकाळी त्याचा फोन. "आली होती ना? आता बोलायला हरकत नाही. गावाच्या बाजूनंच सांगितलंस ना?"

"समुद्राच्या."

"वेडा आहेस का? मी स्वतः उभा होतो तिथं!"

"मी काय झोपलो होतो?"

बराच वेळ भांडलो. बायकोनं टीव्हीचा आवाज वाढवला.

पुढे अधिकारी बाईंनीच फोन करून कळवलं की खांबाच्या दोन्ही बाजूंची जमीन संशयित धरली आहे. ती हातानं, थराथरानं काढायची. वेळ दुप्पट लागेल. पण नळी कुणाच्या नकळत फुटणार नाही. मी विचारलं, दोन्ही मतं लिहिली आहेत का? हो म्हणाल्या. आधी कुणाचं?

"त्यांचं, सर. त्यांची मुलाखत आधी झाली ना."

कोण बरोबर ते जमीन उकरल्यावर कळेल. तोवर आम्ही दोघंही नसू. नळी समुद्राच्याच बाजूला आहे.