दोन रशीद आणि एक हाक

आमची कंपनी त्या वर्षी बर्फातल्या एका उंच पोस्टवर होती. मी हवालदार, आंबेगाव तालुक्यातल्या शिनोलीचा. पोस्टवर माझ्या भागातले दोनच जवान होते आणि दोघांचंही नाव रशीद.

रशीद हे नाव आमच्याकडे काही नवीन नाही. ओतूरच्या बाजारात भांड्यांना कल्हई लावणारा एक रशीद होता. त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हाती बायका पातेलं देत नसत. आळेफाट्याच्या गॅरेजवर दुसरा. त्याने इंजिनाला कान लावल्याशिवाय नाशिककडे निघालेला ट्रकवाला पुढे सरकत नसे. या नावाचं पोरगं कशात ना कशात नाव काढतंच, असं माझी आई म्हणायची. आमचे दोघेही त्यातलेच.

पहिला रशीद तांबोळी, जुन्नरचा. सिग्नलचा माणूस. त्याला वायरलेस सेटची गरजच नाही, नुसता बोलला तरी खालच्या पोस्टला ऐकू जाईल, अशी आम्ही त्याची टिंगल करायचो. दुसरा रशीद मणियार, घोडेगावचा. अंगाने काडीपैलवान, पण मासवडी-रस्सा करावा तर त्याने. रजेवरून परतणाऱ्याकडून तीळ-खोबरं मागवायचा आणि लंगरच्या, म्हणजे फौजी स्वयंपाकघराच्या, कुकला बाजूला सारून स्वतः बसायचा. आमचे पंजाबी डॉक्टरसाहेब तो रस्सा खाऊन घामाघूम व्हायचे आणि पुन्हा वाटी पुढे करायचे.

फौजेत एका नावाचे दोघे असले की नावापुढे नंबरचे शेवटचे दोन आकडे लावतात. तांबोळी अठरा, मणियार बासष्ट. पण आमचे सुभेदारसाहेब जुन्या वळणाचे. म्हणायचे, "मी माणसाला नावाने हाक मारतो. आकडे बैलाच्या कानाला लावा." त्यांनी नुसतं "रशीद!" म्हटलं की दोघे एकमेकांकडे बघायचे. शेवटी दोघांनी आपसात ठरवून टाकलं. हाक आली की जो दाराजवळ असेल त्याने उठायचं. काम कुणाचं, हे विचारायचं नाही. सुभेदारसाहेबांनाही ते सोयीचं झालं. आम्हाला त्याची इतकी सवय झाली की त्यात काही चूक आहे, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

त्या दिवशी सकाळी खालच्या पोस्टची टेलिफोन लाईन बर्फाने तुटली. ती जोडायला तिघांची पार्टी पाठवायची ठरली. जेवणाआधी सुभेदारसाहेबांनी बंकरच्या दारात येऊन हाक दिली.

"रशीद! चल, लाईन पार्टी."

लाईनचं काम म्हणजे हाक तांबोळीला होती. तो आत आरशासमोर, तोंडाला साबण लावून बसलेला. मणियार दारात कांदा चिरत होता. त्याने सुरी ठेवली आणि जॅकेट चढवलं.

"उस्ताद, कांदा झाकून ठेवा," मला म्हणाला.

"थांब, मी आलो," तांबोळी आतून ओरडला.

"तू दाढी कर, राव. मी जातो." आणि गेला. तार ओढायला कुणीही चालत असे आणि जोडणारा नायक पार्टीत होताच, म्हणून सुभेदारसाहेबांनीही त्याला जाऊ दिलं.

मी सेटजवळ बसलो. थोड्या वेळाने नायकाचा आवाज आला.

"लाईन जोडली. परत निघतोय. ओव्हर."

"रोजर. सांभाळून या. ओव्हर."

त्यानंतर डोंगरावरून गडगडाट आला. बर्फाचा कडा सुटल्याचा तो आवाज ज्याने एकदा ऐकलाय त्याला वेगळं सांगावं लागत नाही. मी सेटवर बोलावलं. उत्तर नाही. तांबोळीने माझ्या हातातून माईक घेतला. त्याच्या अर्ध्या तोंडाला साबण तसाच होता.

"लाईन पार्टी, लाईन पार्टी. रशीद, बोल. ओव्हर."

तो आपलंच नाव घेऊन हाका मारत होता. बऱ्याच वेळाने नायक बोलला.

"आम्ही दोघं वर आहोत. रशीद दिसत नाही. कमरेला बांधलेला दोर तुटलाय. ओव्हर."

आम्ही फावडी घेऊन धावलो. उजेड होता तोवर खणलं. मणियार सापडला तो तांबोळीलाच. डॉक्टरसाहेबांनी खूप प्रयत्न केले, मग गुडघ्यावर बसूनच मान हलवली. एका तारेपायी माणूस गेला. ती तार दुसऱ्या दिवशी पुन्हा तुटली.

पार्थिव घेऊन घोडेगावला मी आलो. बाजार बंद होता. सलामी झाली, दफन झालं, पुढारी बोलून गेले. मणियारची आई बांगड्या विकते. तिच्या हातात तिरंगा देताना काय बोलावं, हे मला कुठल्याच ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवलं नव्हतं.

पुढे तांबोळी रजेवर आला की तिला भेटून यायचा, चाची म्हणायचा. आणि एका रजेत तो थेट माझ्या दारात, शिनोलीला. मी तेव्हा नुकताच रिटायर झालो होतो.

"उस्ताद, ती हाक माजी व्हती. चाचीला सांगायचंय."

"सांगून तिचं पोरगं परत येणार आहे का?"

"न्हाई. पन मी गेलो की ती माज्या तोंडावरनं हात फिरवती. रशीद म्हन्ती, पुढ्यात ताट ठेवती. मला त्यो घास गिळत न्हाई."

"आणि ऐकून तिने दार लावून घेतलं तर?"

"लावू दे. पन फसवून जेवायचं न्हाई."

मी मोटरसायकल काढली.

ती अंगणात बांगड्या दोऱ्यात ओवून त्यांचे तोडे बांधत बसली होती. तांबोळी बसला नाही. साहेबासमोर रिपोर्ट द्यावा तसा ताठ उभा राहिला.

"चाची, सायबांनी मला हाक मारली व्हती. मी दाढी करत व्हतो. माज्या जागी त्यो उठून गेला. मी जायला पायजे व्हतो."

तिचा हात थांबला. आता ही आम्हाला हाकलणार, असं मला वाटलं. तिने माझ्याकडे पाहिलं.

"किती हाका मारल्या व्हत्या, भाऊ?"

"एकच."

"एकच?"

"मी तिथंच होतो. एकाच हाकेला उठला."

तिने हातातल्या तोड्याची गाठ आवळली.

"हितं धा हाका मारल्या तरी अंथरुन सोडत न्हवता. ऐदी म्हनून मी त्याला लई बोलले. भरतीला निघाला तवा बी बोलले, तिथं तुला उठवायला कोन येनार हाय म्हनून." तिने हातातला तोडा खाली ठेवला. "आन् तिथं दुसऱ्याच्या हाकेला उठला."

तांबोळी अजून उभाच होता.

"बस खाली, रशीद," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. दफनाच्या दिवशीसुद्धा ती रडली नव्हती.