थांबा म्हणणारा हात

बोलण्याआधी ते उजवा तळहात वर करायचे. "थांबा," म्हणायचे, मग पुढचं बोलणं. या हातामुळे बेसा चौकात एकदा दोन ऑटो उगाचच थांबले होते, आणि दोघंही ऑटोवाले विचारत होते, "कुठी जाता काका?" अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील.

ते गणिताचे निवृत्त मास्तर. आमच्या ऑफिसातून खाप्याकडच्या कापूसवाल्यांना मोबाईलवर निरोप जायचा: फवारा, नाहीतर थांबा. ते ठरवणारं गणित मास्तरांचं. शेतातल्या सापळ्यात अळीचे पतंग किती पडले, अळी किती कापूस खाईल, औषध आणि मजुरी किती लागेल, यात जे स्वस्त पडेल तो निरोप. बटण दाबणारी मी.

"फवारा मारता कोनालेही येते वं," मास्तर म्हणायचे. "कवा नाही मारायचं, ते समजलं पाह्यजे."

खर्चात त्यांचा एक जादा रकाना होता, 'फवारणाऱ्याचा श्वास'. साहेब हसायचे. मीही चिडवायची, "मास्तर, श्वासाचा भाव कोणत्या बाजारात निघतो?" एकदा त्यांनी सांगितलं. त्यांचा मोठा भाऊ वाऱ्याच्या तोंडावर फवारत गेला होता. जीव वाचला, पण हात असे थरथरतात की चहाचा कप अजून मास्तरच त्याच्या तोंडाला लावतात. मला माझीच लाज वाटली.

पूर्वी ऑफिसची माणसं शेतात जाऊन, बोंडं फोडून आत अळी आहे का ते पाहायची. मजुरी वाचते म्हणून साहेबांनी ते बंद केलं. सापळ्यांवर भागतं म्हणून मास्तरांनीही मान डोलावली. सापळ्यात मादीच्या वासाची कुपी असते, तिला भुलून नर येतात.

गेल्या हंगामात पतंग वाढत गेले आणि मग एकदम कमी झाले. गणित म्हणालं, थांबा. दोन आठवडे मी तेच पाठवलं. साहेब खूश होते.

"कुपी नवीन हाय ना?" मास्तरांनी विचारलं.

"नवीनच आहे."

"मंग नर गेले कुठी?"

आम्ही खाप्याला गेलो. शेत इतकं हिरवंगार की वाटलं, उगाच आलो. मास्तरांनी नखानं एक बोंड फोडलं. आत गुलाबी अळी. दुसरं फोडलं, तिसरं फोडलं. दहाव्यानंतर ते मातीतच बसले.

"खऱ्या माद्याच इतक्या झाल्या वं. आपल्या खोट्या वासाकडे कोन येते?"

परतल्यावर त्यांनी निरोप लिहिला: आता फवारू नका. अळी बोंडात शिरली, औषध पोचणार नाही. चूक माझी.

साहेबांनी तो वाचला आणि मला म्हणाले, "फवारा म्हणून पाठव. आपण काहीच केलं नाही असं दिसायला नको."

मी बटण दाबलं. नोकरीची भीती वाटली, दुसरं कारण नाही.

सकाळी मास्तर आले नाहीत. ते खाप्यालाच गेले असणार, म्हणून मी खाप्याची बस धरली. वारा पडला होता. सगळ्या शेतांत एकाच वेळी पंप चालू होते, कोणाच्या तोंडाला फडकंसुद्धा नव्हतं. औषधाचा फवारा धुक्यासारखा जागीच साचला होता, आणि मास्तर त्यातून या बांधावरून त्या बांधावर चालले होते, तोंड न झाकता. पंपांच्या आवाजात त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. एका माणसानं नुसता मोबाईल काढून त्यांच्यासमोर धरला. त्यावर मी पाठवलेला निरोप होता.

मास्तरांनी तो वाचला आणि पुढच्या शेताकडे वळले. मी हाका मारत होते. त्या धुक्यात मला शेवटी दिसला तो त्यांचा वर केलेला उजवा तळहात. कोणी थांबलं नाही.