मरझूकच्या अंगणातली खजूर

मरझूक गेल्याचा फोन आला आणि मी घाईघाईत भलत्याच घरी जाऊन सांत्वन करून आलो. दारात खुर्च्या, आत ओळीने बसलेली माणसं... प्रत्येकाशी हात मिळवला, तीन कप अरबी कॉफी प्यालो, डोळेही पुसले. मग कळलं, इथे वारली होती नव्वदीची कुणी आजी. खरं घर दोन गल्ल्या पुढे. ते मी खजुरीवरून ओळखलं.

खजूर कसली, झुडूपच. बुंध्याभोवती फुटव्यांचा गराडा, फळ नावाला. वीस वर्षं मरझूक आणि मी कुवेतमधल्या एकाच गोदामात कामाला होतो. मी पडलो रत्नागिरीचा, त्यामुळे झाडांतलं मलाच कळतं असा माझा समज. सालमियाच्या आमच्या गॅलरीत पुदिनाही जगत नाही, ते सोडा. मुलगा फहद, म्हणून मरझूकला सगळे अबू फहद म्हणत. एकदा मी म्हटलं, "अबू फहद, फुटवे काढून दुसरीकडे लाव. नाहीतर ही आई-खजूर फळ धरायची नाही."

त्याने पाण्याची बादली खाली ठेवली. "माझ्या आजीचा मालकही हेच म्हणायचा."

त्याची आजी इराकमधल्या बसऱ्याकडच्या खजूरबागेत गुलाम होती. तिची आई आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गलबतातून आणलेली. पुढे गुलामांचा व्यापार रोखायला इंग्रजांचे समुद्रावर पहारे बसले, गलबतं थांबली. नवी माणसं मिळेनात, तेव्हा मालक बागेतल्या गुलामांचीच आपसात लग्नं लावू लागला. बाळंतिणींना तूप मिळू लागलं. आजीला वाटायचं, मालक दयाळू झाला... बाग पोरांनी भरली. आफ्रिकेची बोली जाणणारे म्हातारे एकेक करून मेले; पोरांकडे उरलं एक गाणं, त्याचाही अर्थ कुणाला ठाऊक नाही. आणि पोर चार-पाच वर्षांचं झालं, की मालकाच्या मुलाच्या नव्या बागेत, नाहीतर मुलीच्या सासरी पाठवलं जायचं. आजीच्या दोन बहिणी अशाच गेल्या. मरजाना आणि याकूता. खजुरीला पाणी घालताना मरझूक ही नावं घ्यायचा. मला वाटायचं, मांजरांना बोलावतोय.

"फहदला सांगू नकोस," तो म्हणाला होता. "त्याचं लग्न व्हायचंय. गुलामांच्या घरात मुलगी कोण देईल?"

लग्न होऊन सात वर्षं झाली. मरझूकने सांगितलंच नाही.

सांत्वनाला गेलो त्या दिवशी फहद मला अंगणात घेऊन गेला. "अंकल, बाबा कुणाला हात लावू देत नव्हते. तुम्ही जाणकार. हे फुटवे कसे काढायचे?"

"शुक्रवारी येऊन सांगतो," एवढंच मला सुचलं. "तोवर हात लावू नकोस."

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. ही ऐकत राहिली, मग उठून वही-पेन घेऊन आली.

"फहदला सांगायच्या आधी त्या दोघी बहिणींची नावं लिहून ठेवा. तुमचा काय भरवसा... तुम्ही घरसुद्धा चुकता."