अंबाडा

"अंबाडा सोड," मुदलाळी म्हणाला. मुदलाळी म्हणजे आमचा मालक. तंजावूरच्या त्याच्या कारखान्यात मी देवांच्या चित्रांवर सोन्याचा वर्ख लावायचे. परदेशी गिऱ्हाइकं नुकतीच वाढली होती. त्या दिवशीही दोघं समोर बसली होती. वर्खाच्या वहीत सोन्याचं एक पान कमी भरलं होतं; ते मी केसांत लपवलंय, असा त्याचा संशय.

तो मराठी, मीही मराठी. तो मोठ्या रायरांच्या, म्हणजे इथल्या मराठी ब्राह्मणांच्या घरचा, मी शिंप्याची मुलगी. एरवी माझ्याशी मराठीतच बोलायचा. त्या दिवशी तमिळमध्ये बोलला, सगळ्यांना कळावं म्हणून.

पान कुठे गेलं असेल ते मला ठाऊक होतं. पंखा बंद ठेवून, श्वास धरून काम चालतं, तरी कधी दोन वर्ख एकमेकांना चिकटतात आणि एकच म्हणून चित्रावर बसतात. एवढंच सांगायचं होतं. जीभ हलेना. हात मांडीवर दगडासारखे पडलेले. शेवटी त्यानेच माझे केस सोडले, कोरड्या ब्रशने झाडले. काही निघालं नाही.

"चोरलं नसतं तर बोलली असती," तो म्हणाला. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, याचं दुःख जास्त.

पुढे पापनाशमच्या बसमध्ये कंडक्टर जरा ओरडला तरी मी थिजायचे. तिकिटाचे पैसे मुठीत, मूठ उघडायची नाही. आई म्हणायची, "काय गे, कोण बसलंय तुझ्या अंगात?" तीच मला सरकारी इस्पितळात घेऊन गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भीतीने काही जण पळतात, काही भांडतात. काहींचं शरीर जागीच गोठतं. ही कबुली नव्हे, अम्मा." मी तिथेच रडले.

पानाचे पैसे कापून त्याने मला कामावर ठेवलं होतं. वर्षभराने पुन्हा पान कमी. पुन्हा, "अंबाडा सोड."

पुन्हा थिजले. पण या वेळी काय होतंय ते कळत होतं. पायाची बोटं गार फरशीवर दाबली. सगळे वाट बघत होते. बघू दिली. मग आवाज आला, फाटका, तमिळमध्ये.

"माट्टेन." नाही सोडणार. "दोन वर्ख चिकटलेत. चित्र खरवडून बघा."

त्याने चित्र खरवडलं नाही. मला काढून टाकलं.

आजही थिजते. हे जाईल असं वाटत नाही. पण तेवढ्या वेळात माझ्या केसांना कुणी हात लावायचा नाही. आणि मी गप्प का होते, ते मीच सांगणार, जीभ सुटेल तेव्हा.