दुपारचा कूलर

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आमचे हे लकव्याने खाटेवर होते. विजेचं बिल दर महिन्याला चढत होतं, म्हणून दुपारी यांना झोप लागली की मी कूलर बंद करायची. घामाने जागे झाले की विचारायचे, "काहून बंद झाला वं?"

"लाईन गेली," मी सांगायची आणि ओला दुपट्टा अंगावर टाकायची.

एकदा म्हणाले, "शेजारचा तं चालू आहे. आवाज येऊन राहिला."

"त्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे."

यांनी जन्मभर कूलरच्या मोटारी दुरुस्त केल्या. शेजारचा तेवढा मोठा लोखंडी कूलर घरच्या इन्व्हर्टरवर चालत नाही, हे त्यांना कळत नव्हतं का? "असंन," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर कूलरचं कधीच विचारलं नाही. पावसाळ्याआधीच गेले. उन्हाने गेले असं कोणी म्हटलं नाही, डॉक्टरनेही नाही. मीही विचारलं नाही.

यंदा मुलाने गच्चीवर सोलर बसवलं. सून म्हणते, "आई, चालू राहू द्या नं दिवसभर. ऊन जेवढं तापन, तेवढी लाईन आपली."

मी चालू ठेवते. त्यांची खाट अजून कूलरसमोरच आहे. दुपारी मी तिथे झोपत नाही, स्वयंपाकघरात फरशीवर पडते. सुनेला वाटतं, मला गार हवा सोसत नाही. मीच तिला तसं सांगितलं आहे.