बांगडीतून जाणारी जुडी

दुसऱ्याला द्यायची वस्तू मोजून देणं म्हणजे पाप, असं मानणारा शेवटचा माणूस वसईत होऊन गेला आणि तो माझ्या बायकोचा मामा होता. निर्मळला त्यांची वाडी होती. केळी आणि विहिरीभोवती पालेभाजीचे वाफे. तिथून ते सायकलवर आमच्या घरी माणिकपूरला यायचे, पण हँडलला अडकवलेली पिशवी वाटेतच निम्मी व्हायची. रिक्षास्टँडवर एक जुडी, पंक्चरवाल्याला एक, पत्ता विचारणाऱ्या अनोळखी बाईला एक. "पत्ता विचारला म्हणून भाजी?" मी एकदा म्हटलं. "मग काय, बाईमाणसाला नुसता पत्ता सांगून पाठवायचं?" माझं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा मामा केळ्यांचा अख्खा घड खांद्यावर टाकून मुंबईच्या हॉस्पिटलात आले. वॉचमनने अडवलं, त्याला दोन फण्या दिल्या. उरलेल्या फण्या नर्सबाईंना वाटल्या आणि रिकाम्या हातांनी माझ्याजवळ येऊन बसले. माझ्या हृदयात धातूची झडप बसवली होती, ती शांत खोलीत टिकटिकायची. मामांनी माझ्या छातीला कान लावून बराच वेळ ऐकलं. "जावईबापू," ते म्हणाले, "आता कुठे उशिरा पोचलात तर सबब चालायची नाही."

झडपेवर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी मला जन्मभर घ्यायची होती, आणि रक्त किती पातळ आहे ते दर महिन्याला तपासायचं होतं. डॉक्टर हे समजावत असताना मी मान डोलवत होतो. समजो न समजो, साहेब बोलत असताना मान डोलवायची, ही माझी कचेरीतली वीस वर्षांची कमाई. पहिला रिपोर्ट आला. माझा आकडा दोन पूर्णांक आठ, आणि शेजारी छापलेला नॉर्मल आकडा जेमतेम एक! हयात कागद वाचण्यात गेलेली, त्यामुळे डॉक्टरांना विचारण्याची गरजच वाटली नाही. रक्त बिघडलंय, असं मी चेहरा पाडून घरात जाहीर केलं.

"रक्तावर पाल्यासारखं दुसरं काही नाही," मामा म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्यावर हिरवा मारा सुरू झाला. सकाळी माठ, दुपारी पालक, संध्याकाळी मुळ्याचा पाला. महिन्याने आकडा एक पूर्णांक तीनवर आला. मी अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले. मामांनी "आमच्या मातीचा गुण" म्हणून दोन घेतले. उरलेला पुडा आणि डॉक्टरांसाठी मामांनी आणलेली सुकेळी, म्हणजे वाडीतली उन्हात वाळवलेली केळी, घेऊन आम्ही दोघे वाजतगाजत दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि हातातला पेढा परत पुड्यात ठेवला. "तो छापलेला आकडा निरोगी माणसाचा. तुमचा अडीच ते साडेतीनमध्येच हवा. याच्या खाली गेलात तर झडपेवर गुठळी धरेल, ती मेंदूत गेली तर संपलंच. खाता काय तुम्ही?" मी मामांकडे पाहिलं. "म्हणजे माझ्यामुळे?" मामा म्हणाले. सुकेळीचा पुडा त्यांच्या हातातच राहिला होता. पालेभाजीने गोळीचा असर कमी होतो, असं डॉक्टर म्हणाले. "पण बंद करू नका. दर आठवड्याला तेवढीच खा, म्हणजे गोळी किती द्यायची ते मला ठरवता येईल."

बुधवारी मामा हजर झाले, पिशवीत एकच जुडी आणि खिशात मामींची जुनी पितळी बांगडी. "हिच्यातून बरोबर जाते तेवढी," त्यांनी माझ्या बायकोला दाखवून दिलं, "बुधवारी एक आणि रविवारी एक. काडी जास्त नाही, काडी कमी नाही." आयुष्यात काही न मोजलेला माणूस त्यानंतर आठ वर्षं माझी भाजी मोजत होता. रिक्षास्टँडला, पंक्चरवाल्याला पूर्वीसारखंच मूठमूठ मिळायचं, माझ्याच जुडीला कुणी हात लावायचा नाही. रिपोर्टच्या दिवशी त्यांचा फोन यायचा. "आत की बाहेर?" मी "आत" म्हणायचो आणि फोन बंद व्हायचा. माझा आकडा इतका स्थिर कसा, याचं डॉक्टरांना कौतुक वाटायचं. मी ते पथ्याबद्दलची शाबासकी म्हणून मान डोलवत स्वीकारायचो.

मामा गेले ते साध्या तापाचं निमित्त होऊन, चार दिवसांत. नंतर आमच्या घरात पालेभाजी आली नाही. आणायची नाही असं कुणी ठरवलं नव्हतं, पण बाजारात माठाच्या जुडीपाशी हिचा हात पुढे होत नसे आणि माझाही. महिन्याने रिपोर्ट आला. चार पूर्णांक सहा. रक्त नको इतकं पातळ झालं होतं.

"नवीन औषध घेतलंत? खाण्यात काही बदललं?" डॉक्टरांनी विचारलं. एव्हाना हे शास्त्र मला तोंडपाठ होतं, पण मी नुसती मान डोलवली. शेवटी हीच म्हणाली, "आमचे मामा गेले."

दरवर्षी मामांची सुकेळी खाणाऱ्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला. मग दोन दिवस गोळी थांबवायला सांगून म्हणाले, "पालेभाजी पुन्हा सुरू करा. पहिल्याइतकीच."

पहिल्याइतकी म्हणजे केवढी, हे आठ वर्षांत आम्हाला एकदाही मोजावं लागलं नव्हतं. बांगडी निर्मळला होती, वाडीतल्या विहिरीजवळच्या खिळ्याला अडकवलेली. रविवारी आम्ही दोघं ती आणायला गेलो.